येण्याचं कारण

आईला मी फोनवर सांगितलं, की सध्या आम्ही कंपनीचा स्वतःचा क्लाउड उभारतोय. क्लाउड म्हणजे ढग, एवढं तिला ठाऊक होतं. ती म्हणाली, "उभारा बापडे. पण जेवायला वेळेवर खाली येत जा."

आमचा ढग खालीच होता. महाप्याला, एमआयडीसीतल्या एका इमारतीच्या तळमजल्यावर. दोन रॅक, चोवीस सर्व्हर, आणि एकेक सर्व्हर उचलायला दोन माणसं. दुसऱ्याचा ढग वापरला की महिन्याला बिल येतं, स्वतःचा घेतला की घाम येतो. हा हिशोब आमच्या साहेबांना मांडून दाखवणारं कोणी नव्हतं.

शिवाय साहेबांना ढगात लोखंडही हवं होतं. एरवी क्लाउडमध्ये एका सर्व्हरचे आठ-दहा व्हर्च्युअल तुकडे पाडून ते वाड्यातल्या खोल्यांसारखे बिऱ्हाडकरूंना देतात. पण डेटाबेसवाल्यांना शेजारच्या बिऱ्हाडाची खुडबूड सोसत नाही. त्यांना अख्खा वाडा लागतो. असा अख्खा, आत काहीही नसलेला सर्व्हर म्हणजे बेअर मेटल. मागणी आली की त्याने आपणहून जागं व्हावं, लिनक्स अंगावर चढवावं आणि कामाला हजर व्हावं. याला प्रोव्हिजनिंग म्हणतात. सोसायटीत मी हे सांगितल्यावर एका काकूंनी तूरडाळीचा भाव विचारला. प्रोव्हिजन म्हटलं की त्यांना किराण्याचं दुकानच आठवतं, आणि मला वाटतं त्यांचंच बरोबर आहे.

साहेबांचा लाडका शब्द होता 'झीरो टच'. म्हणजे सर्व्हरला कुणी बोटही लावायचं नाही. या झीरो टचसाठी मी तीन आठवड्यांत सतरा वेळा महाप्याला गेलो.

ठाण्याहून घणसोली, घणसोलीहून रिक्षा, आणि रिक्षातून उतरलं की दारावर मामा. मामांसमोर लांबलचक रजिस्टर. नाव, वेळ, सही, आणि शेवटचा रकाना 'येण्याचं कारण'. पहिल्या दिवशी मी तिथे 'मेंटेनन्स' लिहिलं. मामांनी चष्मा कपाळावर चढवला.

"साहेब, मेंटेनन्स सगळेच लिहितात. एसीवाला तेच, झाडूवाला तेच. उद्या काही झालं तर मी काय सांगू? नीट लिहा."

मी खोडून लिहिलं, 'पेन ड्राइव्हने पहिला सर्व्हर बसवणे'. कारण इतर सर्व्हरांना हात न लावता उठवणारा जो सर्व्हर, त्याला उठवायला कोणीतरी हात लावावाच लागतो. मामांनी वाचलं, मान डोलावली आणि मला आत सोडलं.

असा स्वतःचा ढग उभारायला ओपनस्टॅक नावाची मोफत प्रणाली आहे. नासा आणि रॅकस्पेस यांनी ती २०१० साली सुरू केली. तिच्यातल्या लोखंड सांभाळणाऱ्या भागाचं नाव आयर्निक. त्याचं बोधचिन्ह म्हणजे ढोल बडवणारं अस्वल. इंग्रजीत 'बेअर' म्हणजे उघडा आणि 'बेअर' म्हणजे अस्वलही, म्हणून हा विनोद. त्या अस्वलाचं नाव पिक्सी बूट्स. ज्या पद्धतीने सर्व्हर नेटवर्कवरून जागा होतो तिला पीएक्सई म्हणतात आणि उच्चार करतात पिक्सी, म्हणून हा दुसरा विनोद. ज्यांनी आपली प्रणाली चालवायच्या आधीच दोन विनोद उरकून घेतले, त्यांना पुढचं माहीत असणार.

पिक्सी प्रकरण असं असतं. नुकता जागा झालेला सर्व्हर तान्ह्या बाळासारखा असतो. त्याला नाव नाही, पत्ता नाही, आपण कुठे आलोय हे माहीत नाही. तो फक्त टाहो फोडतो, "कुणी आहे का?" हा टाहो डीएचसीपी नावाच्या वडीलधाऱ्याने ऐकायचा आणि म्हणायचं, "हा घे तुझा पत्ता, आणि अंगडं-टोपडं त्या समोरच्या खिडकीवर मिळेल." त्या खिडकीवर बसतो टीएफटीपी. याची नियमावली १९८१ सालची, म्हणजे तो माझ्याच वयाचा. तो ओळखपत्र विचारत नाही, पासवर्ड विचारत नाही, पण घाईही करत नाही. ५१२ बाइट मोजून देतो, पोचपावती घेतो, मग पुढचे ५१२. रेशनच्या दुकानात मी लहानपणी हाच माणूस पाहिला आहे.

आमच्याकडे बाळ टाहो फोडत होतं आणि वडीलधारा म्हणत होता, मला काहीच ऐकू आलं नाही. तीन दिवस. मी वडीलधाऱ्याचे कान तपासले, केबल बदलल्या, क्रॅश कार्ट नावाच्या ढकलगाडीवरचा मॉनिटर या रॅककडून त्या रॅककडे ढकलत नेला. शिवाय भरपूर मेमरी असलेला सर्व्हर एकदा बंद करून चालू केला, की ती मेमरी स्वतःशी मोजत पाच-सात मिनिटं बसतो. तेवढा वेळ पंखे विमानासारखे घोंगावतात, आणि मग पडद्यावर एकच ओळ उमटते, की काही मिळालं नाही.

चौथ्या दिवशी मी दारावर उभा होतो. मामा नियमाप्रमाणे वर फोन लावून माझ्यासाठी होकार घेत होते. मी काचेतून आतल्या माणसाला हाका मारत होतो, पण दार बंद असल्याने त्याला काही ऐकू जात नव्हतं. अर्ध्या मिनिटाने होकार आला, दार उघडलं, आणि तोवर मी हाका मारून दमलो होतो. तिथेच माझ्या डोक्यात उजेड पडला.

नेटवर्कचा स्विचही मामांसारखाच असतो. नवी वायर जोडली गेली की तो ताबडतोब दार उघडत नाही. ही वायर फिरून आपल्याच घरात तर येत नाही ना, याची आधी खात्री करतो. पंधरा सेकंद ऐकतो, पंधरा सेकंद शिकतो, आणि मग आत सोडतो. त्या तीस सेकंदांत आमचं बाळ रडून रडून झोपी जात होतं. उपाय एका ओळीचा होता. या दारावर सर्व्हरच येतात, चौकशी नको, असं स्विचला सांगायचं. त्याला पोर्टफास्ट म्हणतात. मी बाहेर येऊन रजिस्टरात कारण दुरुस्त केलं, 'स्विच दार उशिरा उघडतो, त्याला पोर्टफास्टची समज देणे'.

मामा म्हणाले, "हां, हे कसं समजलं!"

पुढच्या कारणांनाही अशीच मामांची मंजुरी मिळत गेली. 'सर्व्हर सातच्या स्टिकरवर आठ नसून इंग्रजी बी आहे, नोंद सुधारणे.' प्रत्येक सर्व्हरला बारा अक्षरांचा एक मॅक पत्ता असतो. तो बारीक टायपात, उलट्या बाजूला, आणि कायम वाकून वाचावा लागेल अशा जागी छापतात. 'सर्व्हर अकराच्या बीएमसीची केबल दुसऱ्याच भोकात आहे, बदलणे.' बीएमसी म्हटल्यावर मामांना महापालिका आठवली. मी समजावलं, की सर्व्हरच्या आत आणखी एक छोटा संगणक असतो. सर्व्हर बंद असला तरी हा जागा. त्याला लांबून निरोप पाठवला की तो मोठ्याला उठवतो किंवा झोपवतो.

"म्हणजे घरातली म्हातारी," मामा म्हणाले. मी आजवर वाचलेल्या कुठल्याही पुस्तकात बीएमसीची याहून चांगली व्याख्या नाही.

केबल जागेवर आल्या, अक्षरं जुळली, आणि आयर्निकच्या पडद्यावर सर्व्हर एकेक पायरी चढू लागले. हा पडदा म्हणजे थेट वधूवर सूचक मंडळ. आधी नावनोंदणी, मग दिलेली माहिती खरी आहे का याची पडताळणी. त्यातून पार पडला की त्याला म्हणायचं 'मॅनेजेबल', सांभाळण्याजोगा. मग हवा तर पाहण्याचा कार्यक्रम, त्यात मेमरी किती, डिस्क किती, सगळं विचारून घ्यायचं. मग आंघोळ, म्हणजे डिस्कवरचं जुनं सगळं पुसून काढायचं. आणि त्यानंतरच तो 'अव्हेलेबल', उपवर. आधी सांभाळण्याजोगा आणि मग उपवर, हा क्रम आपल्या मंडळांनीही पाळला तर पुष्कळ संसार वाचतील.

शुक्रवारी संध्याकाळी, सगळ्यांना उठवणारा पहिला सोडून, बावीस सर्व्हर उपवर होते. मी घरी खुर्चीत बसून एक आज्ञा दिली आणि महाप्यात, माझा हात न लागता, एक सर्व्हर उठला, कपडे घालून कामाला लागला. डोळ्यांत पाणी आलं. साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, "छान. सोमवारी डॉक्युमेंट दे. काय केलंस, का केलंस, सगळं."

डॉक्युमेंट तयारच होतं. तीन आठवडे मी रोजच्या नोंदी करत होतो. आता राहिला होता चोवीस नंबर. त्यालाही नोंदवून टाकावं म्हणून मी जोशात त्याची नावनोंदणी केली, पडताळणी केली, आणि त्याला पुढे ढकललं. आयर्निकने सांगितल्याबरहुकूम त्याला आंघोळ घातली. अगदी चोळून.

चोवीस नंबरचा सर्व्हर मी तीन आठवडे माझं टेबल म्हणून वापरत होतो. नोंदी त्याच्यावर होत्या.

यंत्राची काही चूक नव्हती. त्याला हात न लावता काम करायला मीच शिकवलं होतं, आणि ज्याला कुणाचा हात लागत नाही त्याला थांबवायलाही कुणाचा हात नसतो. चालणारी व्यवस्था शाबूत होती. ती तशी का चालते, हे मात्र पुसलं गेलं होतं. स्विचचं काय केलं होतं? कुठला बी, कुठला आठ? कुठली म्हातारी कुठल्या भोकात?

रात्री दोन वाजता मी अंथरुणात उठून बसलो. शनिवारी सकाळी पहिल्या गाडीने घणसोली गाठलं.

मामांनी रजिस्टर पुढे केलं. मी मागची पानं उलटायला लागलो, तर त्यांनी त्यावर हात ठेवला. "आधी आजची एंट्री."

मी लिहिलं. नाव, वेळ, सही. येण्याचं कारण, 'हे रजिस्टर वाचणे'.

मामांनी चष्मा कपाळावर चढवून ते दोनदा वाचलं. मग एक खुर्ची ओढून माझ्याकडे सरकवली आणि पहिल्या पानापासून रजिस्टर उघडून दिलं.