अमर्याद रजेचा हिशेब

अमर्याद रजा म्हणजे वर्षाला किती सुट्ट्या घ्यायच्या हे कंपनीने कर्मचाऱ्यावर सोपवण्याची पद्धत. अमेरिकेत नेटफ्लिक्ससारख्या कंपन्यांमुळे ती गाजली. मोजणी गेली की शिल्लकही जाते, आणि नोकरी सोडणाऱ्याच्या शिल्लक रजेचे पैसे कंपनीला मोजावे लागत नाहीत. हा उदारपणा ताळेबंदाला चांगलाच मानवतो. साहेब किती दिवस जातात ते पाहून कर्मचारी आपली रजा ठरवतो. साहेब सहसा जात नाहीत.

पारनेर तालुक्यातल्या सुपा एमआयडीसीसारख्या ठिकाणी रजेची ओळख १९४८च्या कारखाने अधिनियमाने करून दिली. वर्षात २४० दिवस भरले की पुढच्या वर्षी, केलेल्या कामाच्या दर २० दिवसांमागे १ पगारी रजा. उरलेली ३० दिवसांपर्यंत पुढे नेता येई. हिशेब कंजूष खरा, पण भांडायला हातात आकडा असे.

कंत्राटी कामगाराला मात्र अमर्याद रजा केव्हाचीच लागू आहे. कांदा काढणीला, जत्रेला, लग्नसराईला त्याने हवे तितके दिवस जावे. खाडा पडतो, पगार पडत नाही. परतल्यावर गेटवर पास चालेल की नाही, ते ठेकेदार सांगतो.