पावसाच्या आवाजात झोपा!

झोपण्याआधी तासभर मोबाइल दूर ठेवा, दिवे मंद करा, कोमट पाण्यात पाय बुडवा, पावसाचा आवाज ऐका. सल्ला झकास आहे. आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी, पोलादपूर-महाडात, तो जुलैमध्ये आपोआप पाळला जातो. वीज गेली की दिवे मंदच काय, गुल होतात. पाय बुडवायला सावित्री नदी स्वतःच महाडच्या बाजारपेठेत येते. पाणी कोमट नसतं, एवढंच. मोबाइल मात्र उशाशी लागतो. वर महाबळेश्वरात किती पडला, हे कळल्याशिवाय डोळ्याला डोळा लागत नाही. २०२१च्या जुलैत तिथे २४ तासांत ५९४ मिलिमीटर कोसळला. खाली महाड बुडालं, तळिये गावावर दरड आली. तेव्हापासून सल्ला एकच: जागे राहा.

इकडे मुंबईकर अ‍ॅपवर पावसाचा आवाज लावून झोपतो. तरी झोप पुरत नाही, म्हणून शनिवारी ‘निवांत’ व्हायला हाच घाट चढतो आणि पहाटे तीनपर्यंत गाणी वाजवतो.

ते अ‍ॅप घाटाखालच्या एखाद्या आजीला ऐकवून बघा. ती झोपणार नाही. उठून आधी तांदळाचं पिंप माळ्यावर चढवायला लावेल.