काय दिवे लावलेत!

ताम्हिणी घाटात, आषाढातल्या एका रात्री साडेआठच्या सुमारास बायको मला म्हणाली, "अहो, आता तरी दिवे लावा."

दिवे मी माणगावपासूनच लावले होते.

हे तिला सांगावं की सांगू नये, या विचारात दोन वळणं गेली. सांगितलं तर घाटात भीती, न सांगितलं तर घाटात भांडण. शेवटी मी डिपरची दांडी वर-खाली करून दाखवली. समोर पावसाच्या चार धारा पिवळट झाल्या आणि परत काळ्या झाल्या. बायको काही बोलली नाही. तिने पर्समधून मोबाइल काढला, दिवेआगरच्या सुपारीची रिकामी पिशवी त्याला गुंडाळली, टॉर्च लावली आणि काच खाली करून हात बाहेर काढला. डावीकडची कडा ती दाखवणार आणि उजवीकडची मी अंदाजाने ओळखणार, अशी वाटणी करून आम्ही पौडला पोचलो. मागून येणाऱ्यांना पालखी चुकलेले दोन वारकरी मशाल घेऊन निघालेत असंच वाटलं असेल.

घरी आल्यावर ओला हात पुसत ती एवढंच म्हणाली, "दिवेआगरला गेलो, आणि काय दिवे लावून आलो!"

गाडी आमची पद्मिनी. वडिलांनी १९८९ साली घेतलेली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी सुरू केलेली कंपनी, कुर्ल्याचा कारखाना, म्हणजे गाडी घरचीच, असं वडील पाहुण्यांना सांगायचे. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्स्यांपैकी शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून उतरली. ती बातमी टीव्हीवर लागली तेव्हा बायको म्हणाली, "बघा, मुंबईने सोडली." मी आवाज बारीक केला.

गाडी घरी आली तेव्हा तिचे दिवे उत्तम होते, असंही वडील सांगायचे. अर्थात पुण्याची हवा, चितळ्यांची बाकरवडी आणि माझे शाळेतले गुण यांबद्दलही ते भूतकाळातच चांगलं बोलायचे. पण माझी आठवण वेगळी आहे. गाडी घेतल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी हेडलाइटच्या काचांचा वरचा अर्धा भाग काळ्या रंगाने रंगवला होता. तेव्हाची ती पद्धत होती, समोरच्याच्या डोळ्यांवर उजेड जाऊ नये म्हणून. आजीला वाटलं, दृष्ट लागू नये म्हणून तीट लावलीय. तिने वडिलांचं कौतुक केलं आणि बंपरला एक लिंबूही बांधलं. पुढे कधीतरी वडिलांनीच तो रंग रॉकेलने पुसला आणि जुन्या साध्या बल्बच्या जागी हॅलोजन बसवले. जुने ४५ आणि ४० वॅटचे, नवे ६० आणि ५५चे. बल्ब बदलले, वायर मात्र तीच ठेवली. ही गोष्ट लक्षात ठेवा. मी ठेवली नव्हती.

ताम्हिणीच्या दुसऱ्या दिवशी मी दुकानात जाऊन १०० आणि ९० वॅटचे बल्ब आणले. उजेड कमी तर बल्ब मोठा, इतका सरळ हिशोब. हे बल्ब शर्यतीच्या गाड्यांसाठी असतात, साध्या रस्त्यावर वापरायचे नसतात, हे खोक्यावर लिहिलेलं होतं. पण इतक्या बारीक अक्षरांत की ते वाचायलाच चांगला उजेड हवा. हॅलोजनच्या काचेला बोट लावायचं नसतं, हेही मला माहीत नव्हतं. हाताचं तेल काचेला लागलं की तेवढीच जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. मी तर कांदाभजी खाता खाता बसवत होतो. एक बल्ब तीन दिवसांत गेला. दुसरा टिकला, पण चौथ्या रात्री कर्वे रस्त्यावर बायको म्हणाली, "कुणाचं तरी दूध करपलंय." दूध कुणाचंच करपलं नव्हतं. बल्बचं होल्डर चॉकलेटी होऊन मऊ पडलं होतं.

मग एलईडी. ४२०० रुपयांची जोडी. ती घेतली तेव्हा दुकानदाराने दुकानातल्या दुकानात लावून दाखवली आणि मला पाच मिनिटं हिरवं-जांभळं दिसत राहिलं. मी प्रभावित झालो. त्या रात्री सिंहगड रस्त्यावर निघालो, तर समोरून येणारा प्रत्येक जण मला डिपर मारत होता. काही जण काच खाली करून आणखीही काही देत होते. इतका प्रखर उजेड असूनही मला रस्ता दिसत नव्हता. झाडांचे शेंडे मात्र स्वच्छ दिसत होते. खडकवासल्याच्या पुढे एका वडावरच्या पाखरांनी पहाट झाली समजून कलकलाट केला. बायको म्हणाली, "रस्ता सोडून बाकी सगळ्यावर उजेड पाडलात."

ती बरोबर होती, हे मला नंतर कळलं. हॅलोजन बल्बात दोन तारा असतात. त्यांची जागा रिफ्लेक्टरच्या हिशोबाने केसाइतकी नेमकी ठरवलेली असते. डिपरच्या तारेखाली तर वाटीसारखा एक चिमुकला पत्राही असतो. तारेचा उजेड खालच्या अर्ध्या रिफ्लेक्टरवर पडून वर उधळू नये, म्हणून त्याने तो अडवायचा असतो. त्या नेमक्या तारेसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये आपण भलताच दिवा खुपसला, की उजेड गर्दीत चुकलेल्या पोरासारखा वाट फुटेल तिकडे पळतो. जोडी परत करायला गेलो, तर दुकानदार म्हणाला, "विकलेला माल परत घेत नाही, पण तुम्हाला अजून पांढरे दाखवू का?"

इतकं होईपर्यंत आषाढ संपत आला आणि दीप अमावस्या उजाडली.

आमच्या घरी या दिवशी माळ्यावरचे सगळे दिवे खाली येतात. समया, निरांजनं, लामणदिवा, आजीची एक कानतुटकी पंचारती. चिंचेच्या कोळाने ते घासायचे, पाटावर मांडायचे, पूजा करायची, कणकेचे गोड दिवे उकडायचे. (महाराष्ट्राचा उरलेला भाग याच दिवसाला काय म्हणतो आणि कसा साजरा करतो, ते सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्याकडे कणकेचे दिवे.) बायकोने चिंच कोळायला घेतली आणि मागे न बघता म्हणाली, "दारातले दोन राहिलेत. तेही घासून आणा."

ती विनोद करत होती. मी नव्हतो करत.

मी खाली जाऊन दोन्ही हेडलाइट सोडवले. रिफ्लेक्टर बघतो तर काय, जुन्या तव्यासारखे काळवंडलेले! म्हणजे इतके दिवस बल्ब बिचारा निर्दोष होता. आरसाच आंधळा झाला होता. मी वाटीभर चिंचेचा कोळ आणि नारळाची शेंडी घेऊन बसलो आणि समई घासतात तसे ते दोन रिफ्लेक्टर मनापासून घासले. शेंडीवर चंदेरी रंग यायला लागला, तसा मला जोर चढला. घाण निघतेय म्हटल्यावर थांबतो कोण? पाण्याने धुऊन बघितलं, तेव्हा आत नुसता राखाडी पत्रा होता. निघाली ती घाण नव्हती. तो आरशाचा मुलामा होता. रिफ्लेक्टरवर धातूचा थर इतका पातळ असतो, की त्याच्यावरून कोरडं फडकंही फिरवू नये म्हणतात. मी शेंडी फिरवली होती.

चितोडच्या पद्मिनीला म्हणे आरशात पाहिलं होतं. आमच्या पद्मिनीचा मी आरसाच घालवला.

वर पाटावर एकोणीस दिवे झळकत होते. बायकोने ओवाळताना माझ्याकडे बघितलं आणि हसू दाबण्यासाठी आरती मोठ्याने म्हटली.

नाना पेठेतून रिफ्लेक्टरचा नवा जोड आणला आणि तो घेऊन शेवटी गेलो एका म्हाताऱ्या वायरमनकडे. तीस वर्षं गाड्यांची वायरिंग करतायत, सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात. त्यांनी बॉनेट उघडलं, एका वायरला बोट लावलं, दुसरी ओढून पाहिली आणि म्हणाले, "साहेब, ह्याला काही अर्थच नाही."

मला वाटलं, गाडी विकायला सांगतायत. मी म्हणालो, "वडिलांची आठवण आहे हो."

"आठवण ठेवा. अर्थ गेलाय म्हणतो मी. हा बघा." हेडलाइटमागे एक काळी वायर बोल्टने बॉडीला आवळलेली होती. बोल्टाच्या जागी हिरवट-तांबूस गंजाचा एक गोळा होता. करंट बॅटरीतून येतो खरा, पण त्याला परत जायला वाट लागते, आणि ती वाट या गोळ्यातून होती. आयुष्यात मला पुष्कळांनी सांगितलंय की तू करतोस त्यात अर्थ नाही. पण नेमका कुठे नाही, हे बोट ठेवून दाखवणारा हा पहिलाच माणूस.

मग त्यांनी मीटर काढला. गाडी चालू ठेवून बॅटरीवर टेकवला : १३.५ व्होल्ट. दिवे लावून होल्डरवर टेकवला : १०.५.

"तीन कुठे गेले?" मी विचारलं.

"वाटेत. हे बटण, ही डिपरची दांडी, हे पाच जोड, ही बारीक वायर, हा गंज. पंगतीत वाढपी प्रत्येक पानाशी एक जिलबी खात चालला, तर शेवटच्या पानावर काय पडणार?"

शेवटचं पान म्हणजे आमचा बल्ब. आणि इथे एक क्रूर हिशोब असतो. व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरलं, की उजेड दहा नाही, तीस टक्क्यांच्या आसपास उतरतो. तार जरा कमी तापली की पांढरी राहतच नाही, पिवळी पडते. आमचे तीन व्होल्ट जात होते, म्हणजे उजेड निम्म्याहून कमी झालेला. आणि मी बल्ब जितका मोठा लावला, तितका करंट वाढला. जितका करंट वाढला, तितके वाढपी जास्त खायला लागले. ६० वॅटचे दोन बल्ब दहा अँपिअर ओढतात, १०० वॅटचे दोन सतराच्या घरात. त्या वायरीने ते ओझं वाहिलं नाही, होल्डर करपलं. वडिलांनी बल्ब बदलले आणि वायर ठेवली, ही गोष्ट लक्षात ठेवा म्हणालो होतो, ती यासाठी.

मिस्त्रींनी दोन रिले काढले. काळ्या चौकोनी डब्या, प्रत्येकीला चार पाय, पायांपाशी आकडे : ३०, ८५, ८६, ८७. मला ती प्रगतिपुस्तकं वाटली. तीन विषयांत डिस्टिंक्शन आणि एकात नापास. पण कळलं की सगळा भार त्या नापास तिसावर असतो. बॅटरीची जाड वायर फ्यूजमधून त्याला येते आणि सत्याऐंशीमधून बल्बकडे जाते. पंच्याऐंशी-शहाऐंशीला फक्त बटणाकडून निरोप येतो. म्हणजे आमची जुनी बारीक वायर आता ओझं वाहत नाही, नुसती वर्दी देते. निवृत्त माणसाला अशी नोकरी मिळणं ही किती चांगली गोष्ट! मी मिस्त्रींना तसं म्हणालो. ते गंज खरवडत होते.

बल्ब पुन्हा ६० आणि ५५चेच बसवले. मीटर टेकवला : १३.१. खर्च, मजुरी धरून, ९०० रुपये. तोवर मी अंधारावर साडेसहा हजार खर्च केले होते.

रात्री सोसायटीच्या भिंतीसमोर पंचवीस फुटांवर गाडी लावून मी खडूने रेघा मारल्या आणि स्क्रू फिरवून दिवे जुळवले. डिपरचा उजेड दिव्यांच्या उंचीपेक्षा थोडा खाली एका रेघेत कापल्यासारखा पडला पाहिजे, आणि आपण डावीकडून चालतो म्हणून तेवढ्या डाव्या कडेला जरा वर चढला पाहिजे. एकदा स्क्रू उलटा फिरला आणि पहिल्या मजल्यावरचे काका बनियनवर खिडकीत आले, तेव्हा वरची मर्यादाही समजली.

परीक्षेला कुठे जायचं हा प्रश्नच नव्हता. पुण्याला दिवे घाट आहे, तोही सासवडच्या वाटेवर, घरापासून तासाभरात. आम्ही रात्री नऊला निघालो. पायथ्याशी, मस्तानी तलावाच्या अलीकडे, मी दिवे लावले आणि रस्ता एकदम समोर आला. पांढरी पट्टी दिसली. कठड्यावरचा काळा-पिवळा रंग दिसला. समोरच्या ट्रकवाल्याने डिपर मारला नाही. मी बायकोकडे बघितलं. तिने मान डोलावली. इतक्या वर्षांत अशी मान तिने फक्त दोनदा डोलावलीय.

तिसऱ्या वळणावर ती म्हणाली, "वेग किती आहे?"

मी खाली बघितलं. डॅशबोर्ड ठार काळा होता. मिस्त्रींनी जुन्या वायरी सोडवताना काट्यामागचा चिमुकला दिवा कुठल्या तरी जोडाबरोबर गेला असावा.

बायकोने पर्समधून मोबाइल काढला, टॉर्च लावली आणि काट्यावर धरली.

"चाळीस," ती म्हणाली. मग वरच्या वळणापर्यंत ती दर मिनिटाला आकडा सांगत होती, आणि मी रस्ता बघत होतो.