बारमाही श्रावण

मासे खाणारा मराठी माणूस स्वतःला जन्मभर मांसाहारी समजतो. पण पंचांग उघडून हिशोब मांडला, तर तो निम्मा वेळ शाकाहारीच निघतो. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. संकष्टी वार बघून येत नाही, नेमकी आपल्या बुधवारवर येते. एकादश्या महिन्याला दोन. श्रावण अख्खा जातो, गणपती उठेपर्यंत त्याला पुरवणी लागते, मग नवरात्र, मग मार्गशीर्षातले गुरुवार, जे मुळातच गुरुवार असल्यामुळे फुकट जातात. जून-जुलैत मासेमारीच बंद. या सगळ्यातून जे दिवस उरतात, त्या दिवशी बाजारात मासळी ताजी असेल आणि भाव ऐकून पाय मागे वळले नाहीत, तर मांसाहार. तेव्हा अशा अर्धवेळ शाकाहाऱ्याने पूर्णवेळ व्हायचं ठरवलं, तर त्यात एवढं अवघड काय, असं कोणालाही वाटेल.

मला ही बढती उजव्या पायाच्या अंगठ्याने दिली. गटारीच्या दुसऱ्या रात्री तो असा सुजला, की अंगावरच्या चादरीचंही त्याला ओझं होऊ लागलं. डॉक्टरांनी रक्त तपासून घेतलं आणि यूरिक ॲसिडचा आकडा दाखवला. पुरुषांत तो साधारण ७ च्या आत हवा. माझा तिथे थांबायला तयार नव्हता. त्यांनी समजावलं, की खाल्लेल्या जिवाच्या पेशींत प्युरिन असतं, ते मोडलं की यूरिक ॲसिड तयार होतं, मूत्रपिंडांना ते बाहेर टाकणं झेपलं नाही की त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यांत जाऊन बसतात, आणि पायाचा अंगठा ही त्यांची फार आवडती जागा. मला बरं वाटावं म्हणून त्यांनी हेही सांगितलं, की पूर्वी याला राजेलोकांचा आजार म्हणायचे. मग काय खायचं नाही त्याची यादी वाचली. कलेजी, तारली, मांदेली, तिसऱ्या, कोलंबी. ती आमच्या रविवारची यादी होती.

"अगदी बंद करा असं नाही म्हणत मी," डॉक्टर म्हणाले, "कमी करा."

डॉक्टर देशावरचे असावेत. आम्ही मूळचे मालवणचे. आमच्याकडे मासे असतात किंवा नसतात. कमी मासे अशी अवस्था आमच्या घराण्यात कोणी पाहिलेली नाही. मांदेली कमी खायची म्हणजे नक्की कुठे थांबायचं? तिच्यात काट्यापलीकडे थांबण्यासारखं काही नसतंच. त्यामुळे मी सरळ सोडलेच.

आईला मालवणला फोन करून सांगितलं. तिकडे थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग ती म्हणाली, "मासो सोडलंस? मगे खातंस काय?" तिच्या आवाजात राग नव्हता, निव्वळ कुतूहल होतं. काकांनी मात्र शास्त्राधार काढले. त्यांच्या मते सुकट हा मासा होत नाही, सोडे हा मसाल्याचा प्रकार आहे, आणि कोणाला पथ्यच असेल तर त्याने नुसता रस्सा घ्यावा, तुकडी घेऊ नये. काका आयुष्यभर वकिली करत होते.

श्रावण मजेत गेला. सगळं घरच माझ्या पंगतीला होतं. अळूचं फतफतं झालं, वालाचं बिरडं झालं, नागपंचमीला दिंडं झाली, नारळी पौर्णिमेला नारळी भात झाला. मी पुन्हा पुन्हा वाढून घेत होतो आणि शाकाहारावर छोटी छोटी भाषणं करत होतो. तिकडे कोळ्यांनी दर्याला नारळ वाहिला आणि होड्या पाण्यात लोटल्या, त्याचंही मी मोठ्या मनाने कौतुक केलं.

गौरी आल्या तेव्हा पहिला धक्का बसला. बायकोचं माहेर रायगडात आहे, आणि तिकडच्या बऱ्याच घरांत गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो. माहेरवाशीण ती, तिला मटण-मासे नकोत का? गणपती मात्र मोदकवाला. त्याला दिसू नये म्हणून त्याच्यासमोर पडदा धरतात आणि पलीकडे गौरी जेवते. दर वर्षी मी पडद्याच्या पलीकडे असायचो. या वर्षी सासूबाईंनी माझं पान अलीकडे मांडलं. पडद्यावरून वाफा येत होत्या, चिंबोरी फोडल्याचे आवाज येत होते, आणि अलीकडे आम्ही दोघंच: गणपती आणि मी. त्याच्यापुढे निदान एकवीस मोदक तरी होते.

मग घरात भाज्यांचा शोध सुरू झाला, आणि तेव्हा लक्षात आलं, की पाळण्याचे दिवस सोडले, तर भाजी अशी आमच्या घरात कधी एकटी आलेलीच नव्हती. दोडका यायचा तो करंदीबरोबर. वांगं सुकटीबरोबर, मेथी कोलंबीबरोबर, दुधीत जवळा. बायको सीकेपी, त्यामुळे तिच्या बाजूनेही आधार नव्हता. पावसाच्या तोंडाशी शेवळं येतात, जंगलातून आणलेली, खास भाजी. ती घशाला खाजते म्हणून तिच्यात काकडं नावाची आंबट फळं घालतात. मी हौसेने जुड्या आणल्या, बायकोने हौसेने साफ केल्या, आणि फोडणीच्या वेळी आम्ही दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिलो. तिच्या माहेरी शेवळं सोडे घालून करतात, किंवा खिमा घालून. खाज काढायचा उपाय होता, सोडे काढायचा कोणालाच माहीत नव्हता. दोडक्याचं तर करंदीवाचून काय करायचं, हे मला अजून उमगलेलं नाही. नुसता दोडका पानात वाढला, की माझा हात आपोआप त्याच्यात काहीतरी शोधत फिरतो.

बाहेर जेवायला गेलो तर वेगळीच गंमत. मालवणी खानावळीत आम्ही एक सुरमई थाळी आणि एक शाकाहारी थाळी मागवली. वेटरने आत वळून आरोळी ठोकली, "एक व्हेऽऽज!" आजूबाजूच्या टेबलांवरचे हात रश्शात थांबले. थाळ्या आल्या तेव्हा त्याने सुरमई माझ्यापुढे ठेवली, काळ्या वाटाण्याचं सांबारं बायकोपुढे ठेवलं, आणि तिला आदराने विचारलं, "ताई, उपास का?" आम्ही थाळ्या बदलल्या. तो परत आला, माझ्याकडे बघून आवाज खाली आणून म्हणाला, "काका, डॉक्टर काय?" त्यानंतर सोलकढी त्याने मला न मागता दोनदा दिली. आजारी माणसाला आपल्याकडे कोणी नाही म्हणत नाही.

मी शाकाहारी झाल्याचं कळल्यावर प्रत्येकाला माझ्या प्रोटीनची काळजी वाटू लागली. तारल्यांवर तारल्या रिचवत होतो, तेव्हा माझं प्रोटीन कोणी विचारलं नव्हतं. म्हणून मी गणित करायला बसलो. आयसीएमआर सांगते, की वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रोटीन हवं. सत्तर किलोच्या माणसाला झाले ५८ ग्रॅम. कच्च्या तुरीच्या डाळीत शंभर ग्रॅमला बावीसएक ग्रॅम प्रोटीन असतं खरं, पण एका वाटी वरणात डाळ असते मूठभर, म्हणजे प्रोटीन पाच-सहा ग्रॅम. सगळी भिस्त वरणावर ठेवली तर दिवसाला दहा वाट्या! एवढं वरण आमच्याकडे मुंजीलासुद्धा करत नाहीत. मग सोयाबीनच्या वड्या सापडल्या, कोरड्या शंभर ग्रॅममध्ये ५२ ग्रॅम. आनंदाने शिजवल्या. त्या खाल्ल्यावर वरणाच्या दहा वाट्यांचा मी पुन्हा गांभीर्याने विचार केला. बी-१२ हे जीवनसत्त्व भाज्यांत मिळत नाही, ते दूध-दह्यातून थोडं येतं, म्हणून ताक वाढवलं. डाळी आणि पालकातही प्युरिन असतं असं एकाने घाबरवलं होतं. पण वनस्पतींतल्या प्युरिनमुळे हा आजार वाढल्याचं अभ्यासांत दिसत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं, नाहीतर माझ्या ताटात फक्त लिंबाची फोड उरली असती.

पाकिटं वाचायचीही सवय लागली. हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका म्हणजे आपलं. मांसाहाराचा तपकिरी ठिपका होता, त्याचा आता तपकिरी त्रिकोण झाला आहे. रंग ओळखता येत नाहीत अशांचीही सोय व्हावी म्हणून. जेलीत जिलेटिन असू शकतं, आणि ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढतात, हे कळल्यावर हळहळलो नाही. पण विलायती वूस्टरशायर सॉसमध्ये अँचोव्ही असते हे वाचून उभाच राहिलो. अँचोव्ही म्हणजे आमच्या मांदेलीच्याच कुळातली. मी आयुष्यभर तळून खाल्ली, साहेबाने बाटलीत भरली, आणि आता तीही सुटली.

आधाराला थोरामोठ्यांची चरित्रं असतात. गांधीजी १८८८ मध्ये लंडनला गेले ते आईला दिलेल्या शब्दाने शाकाहारी होते. पोटभर जेवण मिळेना म्हणून ते रोज दहा-बारा मैल चालून शाकाहारी खाणावळ शोधत. शेवटी फॅरिंग्डन स्ट्रीटवर एक सापडली, तिथेच हेन्री सॉल्ट यांचं शाकाहारावरचं पुस्तक विकत मिळालं, आणि ते वाचून ते विचारानेही शाकाहारी झाले. त्याआधी लहानपणी चोरून मांस खाल्लं होतं, तर त्या रात्री पोटात जिवंत बोकड ओरडतोय असं त्यांना वाटलं होतं. माझा अनुभव याच्या उलट आहे. मी इतकी वर्षं जे जे खाल्लं त्यातलं काहीही ओरडलं नाही. न खाल्लेले बांगडे मात्र रात्री फार त्रास देतात. आणि दहा मैल चालायचं म्हटलं तर अंगठा आहेच. मी विचाराने शाकाहारी नाही, अंगठ्याने आहे.

तरी ताटातल्या गैरसोयी हळूहळू अंगवळणी पडल्या. सुरणाचे काप तांदळाच्या पिठा-रव्यात घोळून तळले, तर तव्यावर आवाज अगदी ओळखीचा येतो. गोव्याच्या खतखत्यात तिरफळं असतात, त्यामुळे डोळे मिटून पहिला घास बांगड्याच्या कढीचा वाटतो. दुसऱ्या घासाला डोळे उघडावे लागतात. उन्हाळ्याच्या तोंडी ओले काजू आले. त्यांचा भाव ऐकून थेट पापलेटवालीची आठवण आली आणि फार बरं वाटलं. अडचण ताटात नव्हतीच. अडचण ही होती, की सोमवार आणि मंगळवार यांत काही फरकच उरला नाही. पूर्वी सोमवारी मुकाट्याने दुधी गिळायचो तो मंगळवारच्या जोरावर. श्रावणात पुरणाची दिंडं गोड लागायची ती भाद्रपद दिसत असल्यामुळे. आता सोडायला काही नव्हतं, धरायला काही नव्हतं. श्रावण आला होता आणि जायचं नावच घेत नव्हता.

यातून वाट दाखवली ती ऑफिसातल्या पिढीजात शाकाहाऱ्यांनी. सुरुवातीला त्यांनी मला बेताचंच जवळ केलं होतं. शाकाहारातही पायऱ्या असतात. अंडं न खाणारे, कांदा-लसूण न खाणारे, बटाटा-गाजरसुद्धा न खाणारे जैन, आणि आता तर दूधही न पिणारे व्हीगन आमच्या चौथ्या मजल्यावर आले आहेत. माझं नाव पार तळाशी, उमेदवारीवर. पण आषाढात एका दुपारी पाहतो तो सदाशिव पेठेतून आलेले आमचे सोवळे साहेब कांद्याच्या भज्यांचा ढीग पुढ्यात घेऊन बसलेले. जोडीला कांद्याचं थालीपीठ, कांद्याचा झुणका. चेहऱ्यावर तो भाव, जो मी गटारीला आमच्या काकांच्या चेहऱ्यावर पाहिला होता.

"आज कांदेनवमी," ते तोंडातला घास न संपवता म्हणाले. "परवा एकादशीपासून चातुर्मास. कांदा-वांगं बंद. थेट चंपाषष्ठीला."

म्हणजे यांचीही गटारी असते! वर्षानुवर्षं ज्यांच्या डब्यात मी सहानुभूतीने डोकावलो, त्यांनी सगळी व्यवस्था आधीच लावून ठेवलेली. काहीही न सोडता त्यांनाही राहवत नाही. आणि चार महिन्यांनी ते परत मिळणार नसेल, तर त्यांनाही सोडवत नाही.

मी त्याच दिवशी कांदा-वांगं सोडलं. पूर्वीचा सगळा थाट परत आला. भाद्रपदात वांग्याच्या ढिगावरून मान वळवून जाताना ऊर भरून येऊ लागला. कार्तिकात भरताच्या वासाने जीव कासावीस झाला. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला पहाटे मंडईत गेलो, वांगी उलटीपालटी करून देठ पाहिले, पूर्वी कल्ले पाहायचो तसे, आणि भाव सांगतील तो देऊन पिशवी भरली. घरी भरीत-रोडग्याचा नैवेद्य खंडोबाला दाखवला आणि मग मी जो बसलो, तो कोणी हाक मारूनही मला ऐकू आलं नाही. वांगं इतकं चांगलं लागतं, हे सुकटीने मला इतकी वर्षं कळू दिलं नव्हतं.

येत्या चातुर्मासात दोडकाही सोडायचं मनात आहे. तो मला एरवी मुळीच आवडत नाही. पण चार महिने बंद ठेवला, तर चंपाषष्ठीपर्यंत आवडू लागेल, अशी मला दाट आशा आहे.