सावदा ते खडकवासला, व्हाया पुढचं शीड

शिडाच्या होडीत बसायला खानदेशातल्या सावद्याहून निघालेल्या माणसाला पहिला टोमणा एसटीतच, फैजपूर यायच्या आत ऐकायला मिळतो : "समुद्राचा पत्ता नाही, अन् निघाले शीड उभारायला!" टोमणा साफ चुकीचा आहे. शिडाला पाणी लागतं आणि वारा लागतो. मीठ लागत नाही. एनडीएचे कॅडेट शीड हाकायला शिकतात ते खडकवासल्याच्या धरणात, पीकॉक बे म्हणतात त्या कोपऱ्यात, आणि तिथून समुद्र गाठायचा तर आधी सह्याद्री उतरावा लागतो. पाण्याचंच म्हणाल तर सावदेकराच्या उशाशी तापीवर हतनूर आहे, चांगलं 41 दरवाजांचं. वाऱ्याचं म्हणाल तर मे-जूनच्या वादळात उभी केळी आडवी झालेली आणि बांधावर तलाठी पंचनाम्याला आलेला ज्याने पाहिलाय, त्याला वारा ही काय चीज आहे ते कुठल्या क्लबाने शिकवायची गरज नाही. तेव्हा खानदेशी माणसाला होडी जमायची नाही, हे मत भुसावळच्या फलाटावरच सोडून पुढची गाडी धरावी. त्याची खरी अडचण वेगळी आहे आणि ती त्याच्या गुणातूनच आलेली आहे. त्याला दोरी फार छान आवळता येते.

केळीच्या ट्रकवर ताडपत्री बांधणारा माणूस जरा नीट बघा. रस्सा हुकाखालून घेतो, त्याला एक फास देतो, टायरवर पाय रोवून सगळं अंग मागे टाकतो, आणि वरून दुसरा ओरडतो, "वढ भो, वढ!" रस्सा सतारीच्या तारेसारखा वाजू लागला की मगच दोघांचं समाधान. मळ्यात घड जड झाला की झाडाला बांबूचा टेकू नाहीतर ताणून बांधलेली पट्टी. तिथे दोरी ढिली ठेवणं म्हणजे नुकसान, आणि वारा म्हणजे ज्याच्यासमोर घट्ट उभं राहायचं असा वैरी. ही शिकवण घेऊन गडी एंटरप्राइज जातीच्या होडीत बसतो. होडी जेमतेम चार मीटर लांब, शिडं निळी, माणसं दोन. एकाकडे सुकाणू आणि मोठं शीड, दुसऱ्याकडे पुढचं शीड, म्हणजे जिब. जिबच्या मागच्या टोकाला दोन दोऱ्या. एक डोलकाठीच्या डावीकडून, एक उजवीकडून, आपापल्या कडीतून हाताशी येतात. टोकाला गाठ बोलाइनची, कारण ती कितीही ताण खाऊन पुन्हा सुटते. निरगाठ मारली तर शेवटी विळा शोधावा लागतो. दोरीच्या दुसऱ्या शेवटाला इंग्रजी आठच्या आकड्याची गाठ, म्हणजे ती कडीतून निसटून जात नाही. इथपर्यंत सावदेकर कोणाला हार जाणार नाही. पुढे तो सवयीने दोरी अशी आवळतो की शीड पत्र्यासारखं ताठ होतं, होडी कलते आणि जागच्या जागी चडफडते.

जिबच्या पुढच्या कडेला दोन्ही अंगांना, वर आणि खाली, लोकरीचे धागे चिकटवलेले असतात, आणि या प्रवासात खरे वाटाडे तेच. दोन्ही धागे सरळ मागे वाहत असले तर सगळं ठीक. वाऱ्याकडचा फडफडला तर दोरी थोडी ओढायची. पलीकडचा फडफडला तर शीड जास्त आवळलंय, दोरी सोडायची. वाऱ्याकडचा वरचा धागा खालच्याच्या आधी बिथरला तर दोरीची ती कडीच तिच्या पट्टीवरून थोडी पुढे सरकवायची, खालचा आधी बिथरला तर मागे. यात ताकदीचं काम थोडं आणि सोडण्याचं जास्त. झोत आला की दोरी खाचेतून चटकन सुटली पाहिजे, म्हणून ती कायमची बांधायची नाही, हा इथला पहिला नियम. सावद्यात दोरी न बांधता नुसती धरून बसलेल्या माणसाला कामचुकार म्हणतात.

यावर कोणी म्हणेल, सोडणं शिकायला एवढं कशाला, ट्रकवाल्याची सुरगाठही एका हिसक्यात सुटते की. सुटते, पण माल पोहोचल्यावर. होडीत ती वाटेतच, घटकेघटकेला सोडावी लागते, कारण वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाताच येत नाही. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असं तिरकं जावं लागतं, आणि दर वळणाला एका बाजूची दोरी सोडून दुसरी ओढायची. भुसावळहून मनमाड-दौंडमार्गे पुण्याला गेलेल्याला हे पटवून द्यावं लागत नाही. कोणी सुचवेल, एकट्यानेच जावं. दिलीप दोंदे 2009-10 मध्ये गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या होडीतून एकटेच पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. खरं आहे, पण सावद्याहून एकटा माणूस प्रवासाला कधी निघालाय? आता आपोआप बाजू बदलणारी जिबही मिळते. वळताना तिच्या दोरीला हात लावावा लागत नाही. ती मात्र सावदेकराने मुळीच घेऊ नये. दुसऱ्या गड्याच्या हाताला काम राहिलं नाही की तो सुकाणूवाल्याला सल्ला देऊ लागेल, आणि चार मीटरच्या होडीत त्याच्यापासून लांब बसायला जागा नसते.