सातबाऱ्यावरची गर्दी

पुण्याजवळच्या वाघोलीत जमीन एकराने विकली जायची तेव्हा वाटपाच्या दाव्याला दोन भाऊ पुरायचे. आता नगर रोडचा भाव चौरस फुटात बोलला जातो, 2021 मध्ये गावही महापालिकेत गेलं. साहजिकच दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 1, नियम 10 खाली सहहिस्सेदार उगवू लागले. लग्नपत्रिकेत जागा न मिळालेली आत्या इथे ‘आवश्यक पक्षकार’! तिला गाळलं तर दावाच फेटाळला जाऊ शकतो. (शिवाय 2005 पासून लेकींना जन्मतः हिस्सा, हक्कसोडपत्र हल्ली साडीवर भागत नाही.) समन्स सगळ्यांना पोचेस्तोवर एखादे काका जातात. मग नव्वद दिवसांत त्यांचे वारस रेकॉर्डवर आणा. शेवटचा प्रतिवादी अजून पाळण्यात असतो, नावापुढे ‘अ.पा.क. आई’, म्हणजे अज्ञानाची पालनकर्ती. बारशाला बिल्डरचा माणूस चांदीचे वाळे घेऊन हजर.