सरांचा सत्कार

"काकू, संध्याकाळी येताय ना मारुतीच्या पाराजवळ? सरांचा सत्कार आहे."

"कोणते सर? ते पहाटे अर्धी चड्डी घालून पळतात ते?"

"तेच. दक्षिण आफ्रिकेत जाऊन कॉम्रेड्स मॅरेथॉन पळून आलेत. डर्बन ते पीटरमॅरिट्झबर्ग."

"मॅरेथॉन तर आमच्या भाच्यानेही केली, मुंबईला."

"ती ४२ किलोमीटरची. ही दुपटीच्या वर! असं धरा, जळगावहून निघालात, पाळधी गेलं, एरंडोल गेलं, पारोळा गेलं, धुळं हाताशी आलं. इतकं पळायचं."

"व माय! एस.टी.त बसून जाते तरी माझी कंबर धरते."

"आणि तेही बारा तासांत. वेळ संपली की बंदूक वाजते. ती वाजवणारा पळणाऱ्यांकडे पाठ करून उभा असतो म्हणे. तोंडं दिसली तर हात उचलायचा नाही त्याचा. त्यानंतर एक पाऊल उशिरा आलात तरी पदक नाही."

"मग आपल्या सरांचा नंबर कितवा?"

"नंबर नाही हो, वेळेत पोचले."

"नंबर नाही, मग सत्कार कशाचा?"

"अहो, १९२१ साली पहिल्यांदा झाली तेव्हा ३४ जण निघाले आणि १६च पोचले! व्हिक क्लॅफम म्हणून एक रेल्वेचा ड्रायव्हर होता, महायुद्धातून परतलेला. मेलेल्या सोबत्यांच्या आठवणीसाठी त्याने ही शर्यत काढली. पण बायकांना आणि काळ्या लोकांना रीतसर पळू दिलं ते थेट १९७५ला."

"त्यांच्याच देशात त्यांना बंदी? तुला गं कुणी सांगितलं एवढं?"

"पोरगा त्यांच्याच वर्गात आहे. भूगोलाच्या तासाला आफ्रिका काढली की सर थांबत नाहीत."

"खर्च बराच आला असेल."

"पतपेढीचं कर्ज काढलं म्हणतात."

"आणि बाई काही बोलली नाही?"

"बोलली तर! पण आपलं जळगाव सपाट, चढाचा सराव कुठे करणार? म्हणून रविवारी अजिंठ्याच्या घाटात जायचे, तर पाण्याच्या बाटल्या घेऊन स्कूटरवर मागे तीच. मे महिन्यात ४५ अंश! पहाटे साडेतीनला निघायचे, ऊन चढायच्या आत घरी."

"साडेतीनला तर कुत्री भुंकतात, ती यांच्यावरच होय! मी चोर समजायची."

"म्हणून तर हातात काठी. तळ्याकडच्या रस्त्याला दिवे आहेत कुठे? सत्काराला नगरसेवक येणार, शाल-नारळ देणार, फोटो काढणार. शाल घेऊन सर काय करणार या उकाड्यात? दिवे लावा म्हणावं."

"मग म्हण की."

"मी एकटी म्हणाले तर हसून सोडतील. तुम्ही वयाने मोठ्या, तुमचं ऐकतील. साडेसहाला या, आणि पहिल्या रांगेत बसा."